शहरी तळ्याचा काळा गाळ रानात टाकू नका

हवेली तालुक्यातून विचारणा आली आहे: रस्त्यांचं पावसाचं पाणी साठवणाऱ्या तळ्यातला गाळ फुकट मिळतोय, पालक-मेथीच्या रानात टाकू का? शेजाऱ्याने गेल्या वर्षी टाकला, त्याची कोथिंबीर पिवळी पडली. दुकानदार त्याला जस्त आणि ईडीटीए (धातू विरघळवून ठेवणारं रसायन) सोडायला सांगतोय.

टाकू नका. गावतळ्याचा गाळ वेगळा, हा वेगळा. यात टायर झिजून आलेलं जस्त, ब्रेकचं तांबं, जुन्या रंगातलं शिसं असतं. वर्कशॉपचं सांडपाणी नाल्यात येत असेल तर कॅडमियम, क्रोमियमही. हे धातू कुजत नाहीत, बारीक मातीला चिकटून साठतच जातात. काळाभोर रंग बघून कसदार समजू नका. तो रंग बऱ्याच अंशी हवेविना तळाशी झालेल्या सल्फाइडचा, म्हणजे गंधक आणि धातूंच्या संयुगाचा. रानात पसरला की दोन-चार उन्हांत तपकिरी पडतो, आणि त्याच वेळी त्यात अडकलेले धातू सुटे होतात.

शेजाऱ्याच्या कोथिंबिरीचं कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील, तर लोह कमी पडतंय. जस्त-तांबं जास्त झालं की असंच होतं. त्यात आणखी जस्त ओतायचं? आणि ईडीटीए तर मुळीच नको. मातीने धरून ठेवलेलं शिसं-कॅडमियम ते विरघळवून मुळाशी नेतं. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात धातू बरेचसे बांधलेले राहतात, म्हणून सामू (पीएच) उतरवायला गंधक किंवा ॲसिडही सोडू नका. दुकानदार बाटली विकून मोकळा होतो; भाजी तुमच्या आणि गिऱ्हाइकाच्या घरात जाते. पुन्हा सांगतो, ईडीटीए नको.

मृद आरोग्य पत्रिकेवर विसंबू नका, तिच्या 12 घटकांत शिसं-कॅडमियम नाही. प्रयोगशाळेला ते वेगळं सांगून करून घ्या. गाळाचा नमुना पाण्याच्या तोंडाशी, मध्यावर आणि सांडव्याजवळ वेगवेगळा घ्या, एकत्र मिसळू नका. शहरी कंपोस्टला 1985 च्या खत नियंत्रण आदेशात किलोमागे शिसं 100 आणि कॅडमियम 5 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. त्यापुढचा गाळ पैसे देऊन दिला तरी घेऊ नका. मर्यादेच्या आतला निघाला तरी पालेभाजीच्या रानात नको.

शेजाऱ्याने अहवाल येईपर्यंत कोथिंबीर विकू नये, जनावरांनाही घालू नये. त्या रानात तूर्त झेंडू किंवा शेवंती.

गाळच हवा असेल तर गावच्या पाझर तलावाचा घ्या. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या सरकारी योजनेसाठी ग्रामपंचायतीत विचारा. माझं ऐकाल तर जूनच्या पहिल्या पावसावर धैंचा हे हिरवळीचं खत पेरा, एकरी 20 किलो, आणि फुलावर येताच, साधारण 45 दिवसांनी, गाडा. दाणे भरेपर्यंत थांबलात तर खोड लाकडासारखं होतं, कुजत नाही.