मुलांसह पहिली क्रूझ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्यांची आखणी सुरू झाली की कोल्हापूर परिसरातून येणाऱ्या पत्रांमध्ये हल्ली क्रूझचा विषय हमखास असतो. ज्यांनी आजवर मालवणच्या होडीपलीकडे समुद्र पाहिलेला नाही, अशी कुटुंबे लहान मुलांसह तीन-चार रात्री जहाजावर राहण्याचा बेत करू लागली आहेत. आलेल्या प्रश्नांपैकी सर्वांना उपयोगी पडतील असे सहा येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमची मुले ३ आणि ८ वर्षांची आहेत. पहिली क्रूझ मुंबईहून करावी की सिंगापूरहून, यावरून घरात दोन तट पडले आहेत. (राजारामपुरी)

दोन्ही तटांनी जहाजांचे फोटो थोडा वेळ बाजूला ठेवावेत आणि धाकट्याकडे पाहावे, कारण हा निर्णय त्याच्या वयावर ठरतो. बहुतेक मोठ्या जहाजांवरील मुलांच्या क्लबमध्ये तीन वर्षे पूर्ण झालेली आणि डायपर सुटलेली मुलेच घेतात; यांतील एक अट पुरी झाली आणि दुसरी नाही, तर प्रवेश मिळत नाही. पोहण्याच्या तलावाचेही तसेच आहे. पाण्यात वापरायचा खास डायपर असला तरी अनेक कंपन्या अशा मुलाला मुख्य तलावात उतरू देत नाहीत. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी आपण पैसे मोजतो, त्या दोन्ही धाकट्याला बंद आणि त्याच्यासोबत आईवडिलांपैकी एकाला कायमचे खोलीत अडकून पडणे, अशी वेळ येऊ शकते. तुमच्या मुलाचा डायपर अजून सुटला नसेल, तर बेत सहा महिने पुढे ढकलावा, असे मी स्पष्टच सांगेन.

तो प्रश्न नसेल, तर माझा कौल मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या दोन किंवा तीन रात्रींच्या सफरीला आहे. त्यासाठी पासपोर्ट लागत नाही, ओळखपत्रांवर काम भागते, जेवण ओळखीचे असते, आणि मुलांना जहाज मानवले नाही तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपण घरी असतो. कोल्हापूरकरांसाठी आणखी एक सोय म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री निघून सकाळी सीएसएमटीला पोहोचते आणि जेथून क्रूझ सुटते तो बॅलार्ड पिअरचा धक्का तेथून टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. तरीही ज्या दिवशी जहाज सुटते त्याच दिवशी सकाळी पोहोचण्याच्या भरवशावर राहू नये. गाडी चार तास रखडली तर जहाज थांबत नाही, आणि रात्रभराच्या प्रवासाने चिडचिडलेले मूल घेऊन तपासणीच्या रांगेत उभे राहणे ही सुट्टीची चांगली सुरुवात नव्हे. आदल्या दिवशी जावे आणि रात्री मुंबईत झोपावे.

मुंबईहून २०२१ पासून सफरी करणारे कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली बांधलेले असून सुमारे ४८ हजार टनांचे आहे. सिंगापूरहून सुटणारे ‘जेंटिंग ड्रीम’ २०१६ सालचे आणि सुमारे दीड लाख टनांचे आहे. (हा टनांचा आकडा जहाजाचे वजन सांगत नाही, ते आतील बंदिस्त जागेचे माप असते.) मुलांसाठी घसरगुंड्या, खेळ आणि जागा मोठ्या जहाजावर अर्थातच अधिक असते. शिवाय सिंगापूरहून मलेशियाकडे जाणारा मलाक्का सामुद्रधुनीचा मार्ग दोन्ही बाजूंनी जमिनीच्या आडोशाला असल्याने एरवीही बराच शांत असतो. मात्र त्यासाठी चौघांचे पासपोर्ट, व्हिसा, मुंबईहून साडेपाच तासांच्या आसपासचे विमान आणि अडीच तास पुढे असलेले घड्याळ, हे सारे आधी पार पाडावे लागते. आठ वर्षांच्या मुलाला ते झेपेल. तीन वर्षांच्या मुलाच्या झोपेची पहिले दोन दिवस तरी घडी विस्कटते.

मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या चार-पाच रात्रींच्या सफरीचा मोह अनेकांना होतो. तेथे जहाज किनाऱ्याला लागत नाही. ते खोल पाण्यात उभे राहते आणि प्रवाशांना लहान बोटींतून बेटावर नेतात. हलत्या बोटीत तीन वर्षांचे मूल कडेवर घेऊन चढ-उतार करायची आणि लाटा असतील तर तो दिवस जहाजावरच काढायचा, अशी तयारी असावी. बेटावर उतरायला परवानाही लागतो. पहिल्या खेपेस हा मार्ग मी सुचवणार नाही.

ऋतूचे म्हणाल तर पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा दुसरा हंगाम असतो. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा. दिवाळीत दर आणि हवामान या दोन्हींचा भरवसा थोडा कमीच असतो.

प्रश्न : आमच्या मुलीला आंबा घाटात दर वेळी उलटी होते. तिला जहाज लागेल का? (इचलकरंजी)

शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त आहे, पण घाट लागतो म्हणून जहाज लागेलच असे नाही. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. तो ‘आपण हलतो आहोत’ असे सांगतो आणि डोळ्यांसमोरची खोली किंवा मोबाइलचा पडदा ‘स्थिर आहोत’ असे सांगतो. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. साधारण दोन ते बारा या वयात हा त्रास सर्वाधिक असतो, तर दोन वर्षांखालील बाळांना क्वचितच होतो. घाटात गाडी झटक्यात वळते. मोठे जहाज मात्र सावकाश डुलते, आणि पाण्याखाली दोन्ही अंगांना बसवलेले पंख त्याचे कलणे आणखी कमी करतात.

सर्वांत मोठा फरक खोलीच्या जागेने पडतो. जत्रेतल्या झुलत्या होडीत टोकाला बसणाऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि मधला मजेत बसलेला असतो, तेच जहाजाचे. बुकिंग करताना लांबीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची खोली मागावी. एजंट ‘वरची घ्या, नजारा चांगला’ म्हणेल. त्याला पोटाची चिंता नसते.

औषधाबाबत मी एवढेच सांगेन की बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काही देऊ नये. आपल्याकडे घरोघरी असणाऱ्या एव्होमिनमधील प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलांना देत नाहीत, आणि मोठ्या मुलांनाही त्याने गुंगी येते. काही मुले तर उलट जास्तच किरकिरी होतात. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले प्रमाण आधी एखाद्या गाडीप्रवासात देऊन पाहावे. औषध उलटी सुरू होण्यापूर्वी द्यायचे असते, नंतर ते पोटात राहतच नाही. याशिवाय पोट रिकामे ठेवू नये, तळकट देऊ नये, मुलीला उघड्या डेकवर नेऊन दूरच्या क्षितिजाकडे पाहायला लावावे आणि खोलीत बसून मोबाइल पाहू देऊ नये.

रंगीत तालीम हवी असेल तर मुंबईला गेल्यावर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट घ्यावी. तासाभराचा प्रवास आहे. मुलगी मांडव्याला हसत उतरली तर निम्मी काळजी मिटली.

प्रश्न : बाळ दहा महिन्यांचे होईल. त्याला नेता येईल का? दूध, खिमटी यांचे काय करावे? (कसबा बावडा)

बहुतेक कंपन्या सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला घेतात. सलग अनेक दिवस किनारा न लागणाऱ्या लांबच्या सफरींसाठी ही अट एक वर्षाची असते. वय तिकीट काढतानाचे धरत नाहीत, जहाज सुटण्याच्या दिवशीचे धरतात. पाळणा बुकिंगच्या वेळीच लेखी मागून ठेवावा, कारण त्यांची संख्या मोजकी असते आणि तो उघडला की लहान खोलीत चालायला जागा उरत नाही.

घरी शिजवलेले अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत. बंद डब्यातली दुधाची पावडर आणि बाळाचे तयार अन्न मात्र चालते. खिमटीसाठी मऊ भात आणि वरण भोजनगृहातून मागता येते. पहिल्या संध्याकाळीच तिथल्या प्रमुखाला भेटून बाळाची वेळ आणि तिखट-मीठ नको हे सांगून ठेवले, तर पुढच्या दिवसांत पुन्हा विनवण्या कराव्या लागत नाहीत. डायपर लागतील त्याच्या दीडपट न्यावेत, जहाजावरच्या दुकानात ते असतीलच असे नाही. जहाजावर डॉक्टर असतो, पण तो बालरोगतज्ज्ञ असेल असे धरून चालू नये आणि त्याचे बिल वेगळे येते. म्हणून तापमापी, वजनानुसार लिहून घेतलेले तापाचे औषध, ओआरएस आणि प्रवासविमा या चार गोष्टींशिवाय निघू नये. आणखी एक गोष्ट सॅनिटायझरची. बंद जागेत पसरणाऱ्या नोरोव्हायरसच्या जुलाब-उलट्यांवर अल्कोहोलचे सॅनिटायझर फारसे चालत नाही. साबण आणि पाण्यानेच हात धुवावेत.

प्रश्न : आम्ही आजी-आजोबा नातवाला घेऊन सिंगापूरची क्रूझ करणार आहोत, मुलगा-सून येणार नाहीत. कोणती कागदपत्रे लागतील? (शाहूपुरी)

आईवडिलांविना प्रवास करणाऱ्या मुलासाठी दोघांच्याही सहीचे संमतिपत्र लागते. ते इंग्रजीत, नोटरी केलेले असावे; त्यात प्रवासाच्या तारखा, जहाजाचे नाव, तुमचे मुलाशी नाते आणि आजारपणात उपचाराचा निर्णय घेण्याचा तुम्हाला दिलेला अधिकार स्पष्ट लिहावा. सोबत जन्मदाखला आणि आईवडिलांच्या पासपोर्टच्या प्रती ठेवाव्यात. आडनाव एकच आहे म्हणून नाते सिद्ध झाले, असे बंदरावरचा अधिकारी मानत नाही.

नातवाचा पासपोर्ट नसेल तर आजच सुरुवात करावी. कोल्हापुरातच पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्र असल्याने पुण्याला जाण्याची गरज पडू नये. अठरा वर्षांखालील मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी किंवा अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, जे आधी संपेल तोवरच वैध असतो, त्यामुळे जुना असेल तर त्याची मुदत तपासावी. प्रवासाच्या वेळी किमान सहा महिने शिल्लक हवेत. तुम्ही सिंगापुरात विमानाने उतराल, जहाजाने बाहेर पडाल आणि पुन्हा जहाजाने परत याल. एका सफरीत दोनदा प्रवेश होतो, म्हणून व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, हे हाती पडताच पाहावे. सिंगापूर अरायव्हल कार्ड, म्हणजे तिथल्या प्रवेशासाठीचे माहितीपत्र, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचे असते. वाटेतल्या बंदरावर उतरायचे नसले तरी त्या देशाच्या व्हिसाचा नियम लागू असू शकतो. तो कंपनीकडून लेखी विचारून घ्यावा.

प्रश्न : जाहिरातीत ‘सर्व समाविष्ट’ लिहिले आहे. खरेच वर खर्च येत नाही का? (गडहिंग्लज)

येतो. खोली, मुख्य भोजनगृहातले जेवण, तलाव आणि करमणुकीचे कार्यक्रम हे साधारणपणे धरलेले असतात. बंदराचे शुल्क आणि कर, खास रेस्टॉरंट, शीतपेये, वायफाय, फोटो, बंदरावरच्या सहली आणि परदेशी जहाजांवर सेवकवर्गाची बक्षिशी हे सारे वरचे. ही बक्षिशी माणशी दररोज साधारण १६ ते २० डॉलर पडते आणि ती बहुधा मुलांचीही धरतात. चौघांचे चार रात्रींचे गणित घरीच मांडून पाहावे. एकाच खोलीत तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाला सवलत मिळते, म्हणून दोन खोल्यांपेक्षा चौघांची एक खोली स्वस्त पडते. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच वसूल केला जाणारा आगाऊ आयकर, आकारला जातो. तो विवरणपत्र भरताना समायोजित होतो, पण हातातले पैसे आधी जातात.

मोबाइलचा मोठा फटका बसतो. किनारा सुटला की फोन जहाजाच्या उपग्रह जाळ्याला लागतो आणि त्याचे दर नेहमीच्या रोमिंगपेक्षा कितीतरी जास्त असतात. मुलांच्या हातातले फोनसुद्धा जहाज सुटण्यापूर्वी एअरप्लेन मोडवर टाकावेत.

प्रश्न : जहाजावर मूल हरवण्याची किंवा कठड्यावरून पडण्याची फार भीती वाटते. सुरक्षिततेसाठी काय करावे? सामानात काय न्यावे? (कागल)

कठडे मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत येतील इतके उंच असतात. धोका कठड्याजवळ सरकवलेल्या खुर्चीचा असतो. गॅलरीची खोली घेतलीच तर खुर्च्या आत आणून ठेवाव्यात. अनेक जहाजांच्या तलावांवर जीवरक्षक नसतो, म्हणून मूल पाण्यात असताना नजर हटू देऊ नये. खोलीतल्या दुमजली पलंगाच्या वरच्या फळीवर सहा वर्षांखालील मुलाला झोपवू नये. न्हाणीघराच्या दाराला आपल्या जुन्या वाड्यांसारखा उंच उंबरा असतो आणि पहिल्या रात्री अंधारात घरातला एक जण तरी त्याला ठेचकाळतोच. लहान दिवा सोबत ठेवावा. खिडकी नसलेल्या खोलीत तर दिवसाही मिट्ट काळोख असतो.

जहाज सुटण्याच्या सुमारास होणाऱ्या सुरक्षा कवायतीला मुलांना नेणे टाळू नये. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज म्हणजे आपापल्या ठरलेल्या जागी जमायचे, हे मुले खेळासारखे पाठ करतात. मुलाच्या मापाचे जीवरक्षक जाकीट खोलीत आहे का, ते तेव्हाच पाहावे. नसेल तर लगेच मागावे.

सामानात इस्त्री, किटली आणि एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नयेत. आगीच्या धोक्यामुळे ते काढून घेतात. मोठ्या बॅगा खोलीत पोहोचायला संध्याकाळ होते, त्यामुळे औषधे, एक जोडी कपडे आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवावेत. आमच्या पहिल्या सफरीत मी ते मोठ्या बॅगेत कोंबले होते, आणि माझी लेक जीन्स घालून तलावाच्या काठावर तीन तास पाय बुडवून बसली होती. ते ती अजून ऐकवते.

राहिला हरवण्याचा प्रश्न. सगळ्या मार्गिका हुबेहूब सारख्या दिसतात आणि मुलांना खोलीचा क्रमांक आठवत नाही. जहाजाच्या भिंती आणि दारे बहुधा लोखंडी असतात, त्यांना चुंबक चिकटतो. निघण्यापूर्वी मुलांकडून एक चित्र काढून घ्यावे, रंकाळा काढा, पन्हाळा काढा, त्यांना आवडेल ते, आणि ते चुंबकाने आपल्या दाराबाहेर लावावे. क्रमांक विसरलेले मूलसुद्धा आपले चित्र लांबूनच ओळखते.