युगांडाला निघालेली लेक आणि परत आल्यावरचा ताप

प्रश्न: मुलगी २४ वर्षांची, आठ महिने युगांडात जिंजाजवळच्या एका गावातल्या शाळेत व्हॉलंटियर म्हणून शिकवायला चाललीये. म्हणते, "आई, मलेरिया आपल्याकडे पण असतो, दोनदा झालाय मला, काही होत नाही." लशी कुठल्या घ्यायच्या, आणि रोजच्या गोळ्या खरंच लागतात का? - एक आई, मुलुंड

उत्तर: ताई, लेकीचं कौतुक आहेच, पण ते "दोनदा झालाय" तेवढं तिच्या डोक्यातून काढा. मलेरियाचे प्रकार असतात, मुंबईत होतो तो जास्त करून व्हायव्हॅक्स आणि तिथे जवळपास सगळा फॅल्सिपेरम, हा फॅल्सिपेरम एक-दोन दिवसांत मेंदूवर किंवा किडनीवर जाऊ शकतो. तिथली मोठी माणसं लहानपणापासून पुन्हा पुन्हा आजारी पडून थोडीफार तयार झालेली असतात, आपल्या पोरीचं तसं नाही.

त्यामुळे गोळ्या लागतातच. कुठली ते डॉक्टर तिला बघून ठरवतील, बऱ्याचदा डॉक्सिसायक्लिन देतात, रोज १०० मिलिग्रॅम, जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची, तिथे रोज आणि परत आल्यावर अजून ४ आठवडे. हे शेवटचे ४ आठवडेच लोक सोडून देतात, घरी आलं, आईच्या हातचं वरणभात खाल्लं की स्ट्रिप बॅगेच्या कप्प्यातच राहते. पण जंतू लिव्हरमध्ये लपलेले असतात, रक्तात उतरले की मगच ही गोळी त्यांना मारते. जेवणानंतर ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, छातीत भयंकर जळजळतं. मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचायची, नुसती लोंबती ठेवून उपयोग नाही.

यलो फीव्हरची लस साध्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या सेंटरलाच मिळते, विमानतळाच्या आरोग्य विभागात चौकशी करा. निघायच्या निदान १० दिवस आधी घ्यायची, २०१६ पासून लस घेतल्याचा दाखला आयुष्यभर चालतो. दाखला नसेल तर परत येताना आपल्याच एअरपोर्टवर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात, कारण तो रोग आपल्याकडे नाही पण तो पसरवणारा, डेंग्यूवाला डास मात्र घरोघरी आहे. टायफॉइड, हेपॅटायटिस ए आणि कुत्रा चावण्याची भीती म्हणून रेबीजची लसही डॉक्टरांना विचारा.

जिंजा व्हिक्टोरिया तळ्याच्या काठी आहे, पोहायचा मोह होणारच, पण पाण्यातल्या गोगलगायींमधून बिलहार्झिया नावाच्या रोगाचे जंतू थेट कातडीतून आत शिरतात, तेव्हा नाही म्हणजे नाही. आणि तिथली बाइक-टॅक्सी, बोडाबोडा म्हणतात तिला, हेल्मेट नसेल तर बसायचंच नाही, कितीही उशीर झाला तरी.

आता मला जे खरं सांगायचंय ते. माझ्याकडे एक मुलगा आला होता, आफ्रिकेतून परतून तीन आठवडे झालेले, चार दिवस ताप, घरच्यांनी व्हायरल म्हणून क्रोसिन दिली, आधीच्या डॉक्टरांना प्रवासाचं कोणी बोललंच नाही. ओठ सुके, डोळे पिवळट, नाव विचारलं तर उशिरा उत्तर द्यायचा. रक्ताच्या स्मिअर तपासणीत फॅल्सिपेरम निघाला, त्याच संध्याकाळी आयसीयूत. वाचला, पण थोडक्यात. म्हणून मुलगी परत आल्यावर पहिले तीन महिने कुठलाही ताप आला तरी त्याच दिवशी मलेरियाची टेस्ट करायची, गोळ्या नीट घेतल्या असल्या तरी, आणि दवाखान्यात शिरल्याबरोबर पहिलं वाक्य हेच, "मी युगांडातून आलेय." ती ग्लानीत असली तर तुम्ही सांगा.