माळ्यावरचा कॉम्प्युटर आणि हलकं लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या थांबल्या. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच आहे. मशीन चालू आहे, विंडोज ११ त्यावर चढत नाही, भंगारात द्यायला जीव होत नाही, तर त्यावर 'हलकं' लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) कुठलं घालू? त्यांतली काही पत्रं आणि माझी उत्तरं.

प्रश्न : घरी २०१३ चा डेस्कटॉप आहे. तिसऱ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. बातम्या, ई-मेल, यूट्यूब आणि नातवाचा अभ्यास, एवढंच काम. भाचा म्हणतो लुबंटू घाला, शेजारी म्हणतात मिंट. तुम्ही काय म्हणाल? (निवृत्त बँक कर्मचारी, मुलुंड)

दोघांचंही ऐकायला हरकत नाही, पण आधी कॉम्प्युटरचं झाकण उघडा. तुमचं मशीन रडतंय ते त्या हार्ड डिस्कपायी. तिच्या आत तबकडी फिरते आणि एक सुई हव्या त्या जागी जाऊन वाचते. मशीन सुरू होताना हजारो बारीकसारीक फाइली वाचायच्या असतात आणि प्रत्येक वेळी सुईला धावावं लागतं. एसएसडी म्हणजे चिपांवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं. साधी अडीच इंची साटा एसएसडी घ्या, २४० किंवा २५६ जीबी तुम्हाला पुष्कळ झाली. केबल त्याच जातीची चालते. डेस्कटॉपच्या खणात ती सैल बसेल. ब्रॅकेट नसेल तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून डब्याच्या भिंतीला चिकटवली तरी चालतं, तिला वजनच नसतं. जुनी डिस्क फोटोंसाठी आतच राहू द्या.

एसएसडीसाठी लॅमिंग्टन रोडला गेलातच तर रॅमची डीडीआर-३ जातीची ४ जीबीची एक जादा पट्टीही बघा. बोर्डावर बहुतेक दोन खाचा असतात. सेकंड हँड पट्टी चालेल, फक्त जुनी पट्टी काढून सोबत न्या आणि जुळवून घ्या. बसवल्यावर मशीन नुसतंच बीप-बीप करून थांबलं तर घाबरू नका. मुंबईच्या दमट हवेत पट्टीच्या सोनेरी टोकांवर थर चढतो. शाळेतल्या खोडरबराने ती टोकं हलक्या हाताने पुसा, भुसा झटका, पुन्हा दाबून बसवा. पावसाळ्यात माझ्याकडे 'मेलेली' म्हणून आलेली कितीतरी मशीनं या दोन रुपयांच्या उपायाने उठून बसली आहेत.

आता डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा तयार अवतार. मी तुम्हाला लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती देईन. मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत, खाली डावीकडे मेनू आहे, अपडेटची खूण कोपऱ्यात दिसते, आणि तुम्ही अडलात तर मदत करणारा माणूस सापडतो. लुबंटू याहून थोडा हलका आहे, मान्य. पण तो फरक काहीशे एमबीचा, आणि यूट्यूबचा एक टॅब तेवढी रॅम सहज गिळतो. डिस्ट्रो हलका निवडता येतो हो, वेबसाइट हलक्या कुठून आणणार? म्हणून फायरफॉक्समध्ये एन्हान्स्ड एच२६४इफाय हे छोटं अॅड-ऑन टाका. यूट्यूब मग जुन्या प्रोसेसरला झेपणाऱ्या स्वरूपात व्हिडिओ पाठवतं. चित्र ४८० किंवा ७२० वर ठेवा.

घालण्याआधी पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून बघा. आवाज येतो का, वायफाय दिसतं का, एवढं तपासा. जुन्या लॅपटॉपांत ब्रॉडकॉमची वायफाय चिप असली की ती पहिल्या दिवशी हमखास रुसते. अशा वेळी अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडा, टेदरिंग चालू करा, त्या इंटरनेटवर ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्रॅम, उतरवून घ्या.

प्रश्न : काकांचं जुनं नेटबुक मिळालंय. अॅटम एन२७०, १ जीबी रॅम. कुठलंही नवं लिनक्स टाकायला गेलो की 'हा प्रोसेसर चालणार नाही' असा संदेश येतो. पेनड्राइव्ह खराब आहे का? (कॉलेज विद्यार्थी, भांडुप)

पेनड्राइव्ह ठणठणीत आहे. २००८ चा हा प्रोसेसर ३२ बिटचा, म्हणजे जुन्या घडणीचा (आजचे ६४ बिटचे असतात), आणि लिनक्सच्या बहुतेक मोठ्या घराण्यांनी ३२ बिटचं दार आता लावून घेतलंय. उबंटूने केव्हाच लावलं, मिंटच्या मुख्य, उबंटूवर उभ्या शाखेत १९ ही शेवटची ३२ बिट मालिका. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही.

तुझ्यासाठी अँटिक्स. डेबियन १२ वर उभी असलेली अँटिक्स २३ ही ३२ बिटमध्येही मिळते. तिच्यात जडशीळ डेस्कटॉप नाही, आइस-डब्ल्यूएम नावाचा साधा विंडो मॅनेजर आहे; दिसायला ओबडधोबड, धावायला खारीसारखी. पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर नाव आणि पासवर्ड दोन्हींसाठी 'डेमो' टाक. शक्य असेल तर १ जीबीची पट्टी काढून २ जीबीची डीडीआर-२ घाल. खाच एकच असते आणि या नेटबुकांची धाव साधारण तेवढीच.

आता कडू भाग. क्रोमने ३२ बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं, आणि फायरफॉक्सची १४४ वी आवृत्ती ही ३२ बिट लिनक्ससाठीची शेवटची. त्यामुळे या नेटबुकावर बँकेचे व्यवहार करू नकोस. लिहिणं, पीडीएफ वाचणं, गाणी ऐकणं, पायथन शिकणं, यासाठी ते उत्तम. माझ्याकडे असंच एक आहे. स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवलंय, सकाळी त्यावर नाट्यसंगीत लागतं. दुसरं काही काम मी त्याला सांगत नाही.

प्रश्न : मित्र म्हणतो पपी लिनक्ससारखं काही नाही, मशीन विमान होतं. खरं का? (दादर)

खरं आहे, कारण पपी स्वतःला उचलून सगळीच्या सगळी रॅममध्ये बसवते. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये ती काढली आणि ही करामत अजून टिकून आहे. हार्ड डिस्क मेलेल्या मशीनमधून फोटो वाचवायला माझ्या खिशातही एक पपी असते. पण ती तुम्हाला सरळ रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार हातात देऊन बसवते, आणि तुमचं काम एका वेगळ्या सेव्ह फाइलीत साठवते. ज्याला हे कळतं त्याला मजा येते. घरातल्या चारचौघांच्या रोजच्या मशीनसाठी मी ती सुचवत नाही. मित्राला माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : आम्ही दरवर्षी एक छोटा दिवाळी अंक काढतो. पंधरा वर्षांचा मजकूर श्रीलिपीत आणि पेजमेकरमध्ये आहे. कॉम्प्युटर म्हातारा झालाय. लिनक्सवर मराठी नीट टाइप होतं का? आणि जुन्या फाइलींचं काय? (गिरगाव)

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण तिथे घाई करून चालणार नाही. त्या मशीनवरचं विंडोज आत्ता पुसू नका. युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या या फाँटांत 'क' हा खरा 'क' नसतो. इंग्रजी अक्षराच्या जागेवर त्याचं चित्र बसवलेलं असतं. फाँट नसला की 'कविता' ऐवजी कुठलीतरी अगम्य अक्षरं दिसतात, ती याचमुळे. तेव्हा मशीन श्वास घेतंय तोवर दोन कामं करा. प्रत्येक अंकाची पीडीएफ काढा. आणि मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणून साध्या फाइलींत साठवा. रूपांतरानंतर मुद्रितशोधन लागतंच. रफार आणि जोडाक्षरं हमखास इकडची तिकडे होतात. त्या मशीनची इंटरनेटची वायर काढून ठेवा आणि फाइली पेनड्राइव्हने ने-आण करा.

लिनक्स दुसऱ्या जुन्या मशीनवर घाला. मराठी टायपिंगसाठी तिथे काही विकत घ्यावं लागत नाही. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड मांडणी, येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय लेआउट जोडला की झालं, त्यासाठी वेगळा प्रोग्रॅमही चालत नाही, म्हणजे रॅमही वाचते. उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांसाठी त्याच यादीत 'मराठी कागपा' आहे. रोमन स्पेलिंगने लिहायची सवय असेल तर आयबस आणि एम१७एन हे टायपिंगचे जोड-प्रोग्रॅम घालावे लागतात. २ जीबीच्या मशीनवर मी ते शेवटचा उपाय म्हणून ठेवतो, कारण ते रॅम खातात.

एक बारीक गोष्ट, जी अंक काढणाऱ्याच्या डोळ्याला खुपेल. लिब्रे ऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी राहिली तर काही फाँटांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटतात. भाषा मराठी निवडली की तेच फाँट आपला देठाचा 'श' दाखवतात. फाँट बिघडलाय समजून मी एकदा अख्खी संध्याकाळ फाँट बदलत बसलो होतो. फाँटांत आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप'चे मुक्ता आणि बलू वापरून बघा, ते मुक्त परवान्याचे आहेत.

प्रश्न : तुमचं वाचून मागे एमएक्स लिनक्स घातलं. छान चाललं. पण आता एकही वेबसाइट उघडत नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतं. विंडोजवर असं कधी झालं नव्हतं. (विलेपार्ले)

कोपऱ्यातलं घड्याळ बघा. वेळेवर बोट ठेवून तारीखही बघा. २०१० च्या आसपासची कुठलीतरी १ जानेवारी दिसत असेल, असा माझा अंदाज आहे.

मदरबोर्डवर नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर२०३२. मशीन बंद असताना घड्याळ त्यावर चालतं. तो संपला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते. वेबसाइटचं प्रमाणपत्र ठरावीक तारखांपुरतं असतं. तुमच्या मशीनच्या लेखी ते अजून जन्मालाच आलेलं नाही, म्हणून ब्राउझर दार उघडत नाही. अपडेटही याच कारणाने अडत असतील. विंडोज बहुधा इंटरनेट मिळताच वेळ जुळवून घेत असावं, त्यामुळे दुखणं झाकलं गेलं. सेल घड्याळजीकडे किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. मशीनचा प्लग काढा, सेल बदला, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) तारीख घाला. मागच्या खेपेला एका दुकानदाराने याच दुखण्यासाठी माझ्या ओळखीच्यांना नवा मदरबोर्ड सांगितला होता.

प्रश्न : सोसायटीच्या ऑफिसात टॅली आणि दोन प्रिंटर आहेत, एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९००. सगळं लिनक्सवर नेता येईल का? (लालबाग)

टॅली असेल तिथे नेऊ नका. ती विंडोजसाठीच बनते आणि जुगाड करून चालवलेल्या हिशेबाची जबाबदारी तुमच्या खजिनदाराने का घ्यावी? त्या एका टेबलापुरतं नवं मशीन घ्या, बाकीची लिनक्सवर न्या.

प्रिंटरांपैकी १०२० जमेल. तो बंद केला की आपलं फर्मवेअर (आतला प्रोग्रॅम) विसरतो, दर वेळी कॉम्प्युटरला ते पाठवावं लागतं. एचपीचं एचपीएलआयपी हे ड्रायव्हरचं पॅकेज आणि त्याचं प्लग-इन एकदा घातलं की ते आपसूक होतं. २९०० ला मात्र कॅननची स्वतःची कॅप्ट भाषा लागते आणि लिनक्सवर तिची मनधरणी करण्यात सुट्टीचा दिवस जातो. तो टॅलीच्या मशीनलाच लावून ठेवा.

प्रश्न : सगळ्यांना वेगवेगळं सांगता. तुमचा स्वतःचा आवडता डिस्ट्रो कुठला? (परळ)

एमएक्स, एक्सएफसीईवाला. सगळ्यात हलका म्हणून नव्हे, अँटिक्स त्याहून कितीतरी हलकी आहे, आणि एमएक्सच्या मंडळींत अँटिक्सवाले आहेतच. माझा जीव जडला तो त्यातल्या एमएक्स स्नॅपशॉटवर. आपलं लावलेलं, सजवलेलं अख्खं मशीन त्यातून पेनड्राइव्हवर उतरवता येतं. माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात तसा एक पेनड्राइव्ह आहे. इनस्क्रिप्ट, मुक्ता, प्रिंटर, यूट्यूबचं अॅड-ऑन सगळं आधीच बसवलेलं, फक्त माझं खातं आणि पासवर्ड वगळून.

गणपतीत मामाकडे गेलो तेव्हा त्याचा ४ जीबीचा लॅपटॉप माळ्यावर चढायच्या वाटेवर होता. एसएसडी मी सोबतच नेली होती. जेवणाची पानं मांडेपर्यंत काम झालं. मामीने मेनू उघडून बघितला, पत्त्यांचा डाव सापडला, आणि विचारलं, "नवं विंडोज घातलंस का रे?" मी वरणाची वाटी पुढे केली.