भयकथा कितव्या वर्षी द्यावी?

भयकथा कितव्या वर्षापासून वाचू द्यायच्या, असं विचारणाऱ्या पालकांना माझ्याकडून एक आकडा हवा असतो. ८, १०, १२, काहीही चालेल, पण सांगून टाका. ओमच्या आईलाही तेच हवं होतं. (नाव आणि तपशील बदलले आहेत.)

ओम ९ वर्षांचा. मोठ्या मावसभावाची एक भयकथा त्याने पांघरुणात टॉर्च लावून वाचली आणि मध्यरात्री आईबाबांच्या खोलीत येऊन झोपला. सकाळी पुस्तक कपाटावर गेलं. आईला वाटलं, विषय मिटला. पण तेव्हापासून तो एकटा बाथरूमलाही जाईना. "पुस्तक काढून घेतलं, तरी भीती वाढतेय कशी?"

मी ओमला विचारलं, कुठपर्यंत वाचून झालं होतं? उत्तर तयार होतं: तळघराचं दार आपोआप उघडतं आणि कुत्रा आत जातो, तिथपर्यंत. पुढचं तो रोज रात्री स्वतःच रचत होता, आणि ते मूळ लेखकाला लाजवेल इतकं भयंकर होतं! भयकथेत भीती हळूहळू चढवतात आणि बहुतेक बालकथांत शेवटी ती उतरवतात. ओमच्या वाट्याला नुसता चढ आला होता. उतार कपाटावर पडून होता.

म्हणून सुचवलं, पुस्तक परत द्या. मात्र दिवसाउजेडी आणि शेजारी बसून. आई कां-कूं करत होती, बाबा बसले. ओमने पुस्तक हातात घेतल्या घेतल्या शेवटची दोन पानं वाचली. कुत्रा जिवंत होता. "अरे, मग मजा काय राहिली?" बाबा म्हणाले. माझ्या मते मात्र तयारीची याहून चांगली खूण नाही. शेवट आधी बघून घेणं, नकोसा परिच्छेद गाळणं, पुस्तक मिटून खेळायला जाणं, हे ज्याला जमतं त्याच्या हातात भयकथा द्यायला हरकत नसते. 'घाबरट म्हणतील' म्हणून जो दात-ओठ खाऊन वाचत राहतो, त्याची मला जास्त काळजी वाटते, मग तो १३ वर्षांचा का असेना. आणि भरभर वाचता येतं म्हणजे वाचलेलं झेपतं, असं मुळीच नाही.

वयाचा संबंधच नाही, असंही नव्हे. ओमची बहीण ५ वर्षांची. त्या वयात मुलं दिसण्याला घाबरतात: विद्रूप चेहरा, मोठे दात. 'अगं, हे सगळं खोटं असतं' या समजावणीचा तेव्हा फारसा उपयोग होत नाही. जवळ घेणं, दिवा लावणं याचा होतो. आठ-नऊच्या पुढे भीतीचं रूप बदलतं. 'हे आपल्याकडे घडलं तर?' अशी ती होते: चोर, अपघात, आईबाबांना काही होणं. त्यामुळे भुताच्या गोष्टीला खदखदून हसणारं मूल अपहरणाच्या साध्या गोष्टीने रात्रभर जागं राहू शकतं. मुखपृष्ठावरच्या कवटीवर जाऊ नका. आत कुणाचं काय होतं, ते आधी स्वतः वाचा. घरात नुकताच कुणाचा मृत्यू झाला असेल किंवा मोठं आजारपण चालू असेल, तर थोडं थांबा.

धाकटी रात्री किंचाळत उठते, तेही ओमच्या गोष्टीमुळेच, असं आई धरून चालली होती. पण ती झोपल्यावर तासाभरात उठायची, समोरच्या आईला ओळखायची नाही आणि सकाळी तिला काही आठवायचं नाही. हा गाढ झोपेतला प्रकार लहानपणी बऱ्याच मुलांत दिसतो. वाईट स्वप्न बहुधा उत्तररात्री पडतं आणि मुलाला ते सांगता येतं. बिचाऱ्या ओमवरचा तो आरोप मी काढून टाकायला लावला.

एक-दोन रात्री दिवा चालू ठेवून झोपणं यात वावगं काही नाही. भीती काही आठवडे हटली नाही, झोप, शाळा, खेळ बिघडू लागले, तर मात्र दाखवून घ्या. ओमने पुढचं पुस्तक अर्ध्यावर परत केलं. "यात आई मरते, मला आत्ता नको." आईने ते कपाटावर न ठेवता त्याच्याच शेल्फवर ठेवलं.