जुना छाटणीचाकू घेताना: वाचकांचे प्रश्न

जुन्या घडीच्या चाकूंविषयी आलेल्या पत्रांपैकी या वेळी फक्त बागकामाचे चाकू घेतले आहेत. उत्तरांत ‘बुंधा’ म्हणजे पात्याचा मुठीजवळचा बिनधारेचा भाग. कारखान्याचा ठसा तिथेच असतो.

जुन्या बाजारात आकड्याच्या, म्हणजे हुकासारख्या वळलेल्या पात्याचा एक चाकू पाहिला. बुंध्यावर मुकुट, त्याच्या दोन बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’, खाली जोसेफ रॉजर्स अँड सन्स, सहा नंबर नॉरफोक स्ट्रीट, शेफिल्ड. ‘इंग्लंड’ शब्द नाही, म्हणून तो १८९१ पूर्वीचा असे विक्रेता म्हणतो. हे बरोबर आहे का? (पुणे)

नाही. हा नियम उलटा लावला जातो. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्यामुळे १८९१ पासून तिथे जाणाऱ्या मालावर देशाचे नाव घालणे भाग पडले. त्यामुळे ‘इंग्लंड’ असेल तर चाकू बहुधा त्यानंतरचा. नसेल तर मात्र त्यावरून काहीच ठरत नाही, कारण खुद्द ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या किंवा मुंबईला येणाऱ्या मालाला अमेरिकेचा कायदा लागू नव्हता.

राजचिन्ह जास्त कामाचे. ‘व्ही. आर.’ म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१, ‘ई. आर.’ म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०, त्यानंतर ‘जी. आर.’. चौथ्या जॉर्जचाही ‘जी. आर.’च, पण तो १८३० पर्यंतचा आणि क्वचित दिसणारा, तेव्हा ‘जी. आर.’ पाहून लगेच हुरळून जाऊ नका. यातली पहिली साले पक्की धरा, शेवटची ढोबळ.

रॉजर्सचा खरा मार्का म्हणजे तारा आणि माल्टीज क्रॉस (चार पसरट हातांचा क्रूस). तो आहे का पाहा, कारण या नावाची नक्कल फार जुनी आहे; १८४० च्या दशकात हे प्रकरण इंग्लंडच्या न्यायालयात गेले होते. दहापट भिंगाखाली अक्षरांच्या कडा आणि आजूबाजूचे पोलाद एकत्र पाहा. पाते गंजाच्या खड्ड्यांनी भरलेले आणि अक्षरे मात्र काल मारल्यासारखी कोरीव, असे असेल तर तो चाकू सोडून द्या. खरा ठसा पात्याबरोबरच झिजतो. खड्डा अक्षराच्या आत उतरतो, अक्षराची कड गोल होते. ‘स्टेनलेस’ लिहिलेले असेल तर व्हिक्टोरियाचा प्रश्नच मिटला: हॅरी ब्रिअर्लीने शेफिल्डमध्ये ते पोलाद १९१३ मध्ये काढले.

रॉजर्सच्या नावामागे सगळेच धावतात. बागचाकूच जमवायचे असतील तर सेनर, कुक अँड रायडल या शेफिल्डच्याच पेढीकडे लक्ष ठेवा. माळ्यांच्या चाकूंसाठीच तिचे नाव होते. जर्मन मालात रॉइटलिंगनचा टीना आणि रेमशाइडचा कुंडे.

द्राक्षबाग आहे, म्हणून फ्रेंच ‘सर्पेत’ (आकड्याच्या पात्याचे छाटणीचाकू) जमवतो. काहींचा आकडा ठळक असतो, काहींचा जवळजवळ सरळ. हे वेगवेगळे प्रकार आहेत का? (सांगली)

काही वेळा प्रकार, पण बहुतेक वेळा झीज. आपल्याकडे एप्रिल आणि ऑक्टोबर छाटणी कात्रीने होते. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्त्रां द मोलव्हिलची छाटणीकात्री येण्याआधी ते काम सर्पेतचेच होते, आणि कात्री आल्यावरही जुने हात बराच काळ तिलाच धरून राहिले. काडीवर पाते टेकवून आपल्याकडे ओढायचे. आकडा नसेल तर काडी टोकाकडे घसरून निसटते. म्हणजे आकडा हेच या चाकूचे मर्म, आणि धार लावताना सगळ्यात आधी जातो तोही तोच: सपाट दगडावर आतली गोलाई बसत नाही, म्हणून माणूस टोक घासत राहतो.

तपासायचे असे. चाकू मिटवा. पात्याचे टोक मुठीतल्या खाचेच्या शेवटाजवळ पोचायला हवे. पाच-सहा मिलिमीटरहून जास्त रिकामी जागा दिसली तर टोक मोडून नव्याने घासलेले असण्याची शक्यता मोठी. मग उघडून नखाची खाच (पाते उघडताना नख अडकवायची) पाहा. ती पाठीजवळ असते; तिच्यापासून धारेपर्यंतचे अंतर बुंध्याच्या रुंदीच्या मानाने फारच कमी भरत असेल तर पात्याचे मांस गेले आहे. तिसरी खूण मुठीत. या चाकूंची मूठ बहुधा शेवटी खाली वळलेली असते आणि पात्याचा बाक तिला साजेसा असतो. मूठ छान वळलेली आणि पाते पेनचाकूसारखे सरळ, तर ते घासून घासून तसे झाले आहे.

धारेच्या बुडाशी एक बारीक उंचवटा असतो, तोही पाहा. मिटल्यावर तो मुठीतल्या स्प्रिंगवर टेकतो आणि धारेला अधांतरी ठेवतो. कुणी तो कानशीने उडवला असेल तर दर मिटण्याला धार स्प्रिंगवर आपटते आणि एकाच जागी खाच पडते. असा चाकू कितीही चकचकीत असला तरी आम्ही घेणार नाही. पूर्ण आकड्याचे काळे पडलेले पाते केव्हाही चांगले.

संत्र्याचे डोळे भरायचा (कलम करायचा) जुना चाकू आहे. मागच्या टोकाला पांढरी चपटी जीभ आहे. हाड की हस्तिदंत? (नागपूर)

‘टी’ आकाराची चीर घेतल्यावर साल उचलायला ती जीभ असते. पोलादाने उचलली तर आतला ओलसर थर खरवडला जातो. भिंगाखाली बारीक काळे ठिपके किंवा लांबट रेघोट्या दिसल्या तर हाड. त्या हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसली तर हस्तिदंत. तापलेली सुई टोचून पाहू नका. वस्तूला डाग राहतो, आणि सेल्युलॉइड (जुन्या प्रकारचे प्लॅस्टिक) असेल तर ते पेट घेते. हस्तिदंत निघाले तर भारतात त्याची खरेदी-विक्री करता येत नाही.

हाच इशारा खडबडीत तपकिरी मुठींबद्दल. शेफिल्डच्या मुठींना लागणारे सांबरशिंग भारतातून जात असे, त्यामुळे ते आपल्याकडच्या जुन्या चाकूंवर सर्रास दिसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिंग ‘ट्रॉफी’च्या व्याख्येत येते. नव्याने जमवणाऱ्याने लाकूड, म्हशीचे शिंग आणि गुराचे हाड एवढ्यावरच राहावे.

पावसाळ्यात सगळ्या चाकूंवर गंज येतो. घासावे की तसेच ठेवावे? (रत्नागिरी)

आधी गंजाचा रंग पाहा. करडा-काळा थर वर्षानुवर्षांच्या चिकाचा आणि हवेचा. तो पोलादाला धरून असतो, त्याला हात लावू नका. बोटाला लागणारा तांबडा गंज चालू गंज आहे, तो काढायचा.

प्रथम टूथपिकने खाचेतली माती काढा. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा, दहा-पंधरा वेळा उघडझाप करा, बाहेर येणारे काळे तेल पुसा; फडके स्वच्छ निघेपर्यंत हेच. पाते अडले असेल तर तेल घालून रात्रभर ठेवा. पकडीने ओढले की नखखाचेची कड तुटते. तांबड्या जागेवर तेल लावून चार शून्य नंबरची पोलादी लोकर पात्याच्या लांबीच्या दिशेने हलकी फिरवा, ठसा सोडून. जाड पुटकुळी असेल तर तांब्याच्या तुकड्याच्या कडेने खरवडा. तांबे पोलादाहून मऊ, चरा पडत नाही.

मुठीच्या आतले पितळी पत्रे उजळायला चिंच, लिंबू, घासायची पावडर यांतले काही वापरू नका. आम्ल पत्र्याखाली झिरपते आणि महिन्याभरात स्प्रिंग आतून गंजते. मूठ रॉकेलमध्ये बुडवू नका. खोबरेल खवट होते, शेंगदाण्याचे तेल चिकट होते. दोन्ही नकोत.

ठेवताना चामड्याची म्यानं दूर ठेवा. चामडे ओल धरते आणि पितळेवर हिरवा थर आणते. सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसह, झाकणाच्या डब्यात ठेवा. अपवाद सेल्युलॉइडच्या मुठीचा. रंगीत, संगमरवरासारख्या किंवा शिंपल्यासारख्या चकाकणाऱ्या मुठी बहुधा त्याच्या. तो कुजू लागला की आम्लयुक्त वायू सोडतो आणि बंद डब्यातल्या शेजारच्या पात्यांनाही गंजवतो. उग्र वास, बारीक तडे, मुठीलगतच्या पात्यावर एकाएकी गंज दिसला की तो चाकू वेगळा, हवेशीर आणि उष्णतेपासून लांब ठेवा.

इथल्या जुन्या बाजारातून घेतलेले छाटणीचाकू भारतात आणता येतील का? (लेस्टर, इंग्लंड)

चेक-इन सामानात ठेवा, केबिनमध्ये नाही. भारतातल्या शस्त्र नियमांतली मर्यादा नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांना आहे, तीही शेती व घरकामाची अवजारे वगळून. खिशातला बागचाकू तिच्या जवळपासही जात नाही. तुमची अडचण तिकडेच जास्त. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय खिशात बाळगायची मुभा फक्त तीन इंचांपर्यंतच्या धारेच्या, उघडल्यावर पाते न अडकणाऱ्या (लॉक न होणाऱ्या) घडीच्या चाकूला आहे. मोठे छाटणीचाकू त्यात बसत नाहीत. १९५५ नंतरच्या ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या मोठ्या चाकूंना पाते अडकवायची कडी असते, तेही नाहीत. बाजारातून थेट घरी न्या, बिल जवळ ठेवा.

आकड्याच्या पात्याला धार कशी लावावी? (नाशिक)

संग्रहातल्याला लावू नये. कामाच्या चाकूसाठी पेन्सिलएवढ्या जाडीच्या लाकडी दांड्यावर ६०० आणि मग १००० नंबरचा पॉलिशपेपर गुंडाळा आणि आतल्या बाजूने बुंध्याकडून टोकाकडे फिरवा. दुसरी बाजू सपाट असेल तर तिथे फक्त बर (घासताना धारेवर उभी राहणारी बारीक कड) काढायची, कोन पाडायचा नाही. टोकाशी हात हलका.