हात लाल झाला की सोमवारची वाट पाहू नका

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपले, सगळे व्यवस्थित झाले असे सांगून घरी पाठवले, पण हाताबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मला येणारी बरीचशी पत्रे अशीच सुरू होतात. मग एक दिवस अंगठी निघेनाशी होते, एकाच बाजूची बाही घट्ट होते आणि शेजारपाजारचे सल्ले सुरू होतात. ही सूज बहुधा लिम्फीडिमाची असते : काखेतल्या गाठी काढल्याने किंवा किरणोपचारांनी वाट अडली की लसिका, म्हणजे पेशींभोवतीचे पाणी, हातात साचून राहते. प्रश्न तेच ते असतात, म्हणून या वेळी काही एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : शस्त्रक्रियेला चार वर्षे झाली. तेव्हा काखेतल्या चौदा गाठी काढल्या होत्या. महिनाभरापासून संध्याकाळी हात जड होतो, सकाळी बरा असतो. इतक्या उशिरा लिम्फीडिमा होतो का?

होतो. बहुतेकींना पहिल्या दोन-तीन वर्षांत त्रास सुरू होतो, पण नंतर होणारच नाही असे नाही. काखेतल्या लसिकाग्रंथी, म्हणजे याच गाठी, मोठ्या प्रमाणात काढल्या असतील तर साधारण ५ जणींत १, फक्त सेंटिनल ग्रंथी (स्तनातून निघणारी लसिका आधी जिथे पोचते ती) काढून तपासली असेल तर साधारण २० जणींत १, असे हे प्रमाण आहे. काखेला किरणोपचार दिले असतील किंवा वजन जास्त असेल तर धोका आणखी वाढतो. सकाळी उतरणारी सूज ही सुरुवातीची अवस्था असते आणि याच वेळी उपचारांना सर्वांत चांगला गुण येतो. दोन्ही हातांचा घेर मनगट, कोपर आणि दंड अशा ठरावीक ठिकाणी टेपने मोजून तारखेसह लिहून ठेवा.

मात्र नव्याने आलेली सूज लिम्फीडिमाचीच, असे घरी बसून ठरवू नका. शिरेत रक्ताची गुठळी झाली किंवा काखेत आजार परत आला तरी हात सुजतो. आधी तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना दाखवा, मग फिजिओथेरपिस्टकडे जा. हात एक-दोन दिवसांत एकदम सुजला असेल तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : त्या हाताला बीपीचा पट्टा बांधला तर सूज येते का?

दुसरा हात मोकळा असेल तर तो द्या; अडचणीच्या वेळी एकदा या हातावर बीपी मोजला किंवा रक्त काढले म्हणून झोप उडवून घेऊ नका.

प्रश्न : आईच्या हाताला दोन वर्षांपासून सूज आहे. परवा रात्री तिला हुडहुडी भरून ताप आला, सकाळी दंडावर लाल चट्टा दिसला. हात गरम लागतो. डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली आहे. मागच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या घरात उरल्या आहेत. तोवर त्या देऊ का?

गोळ्या देऊ नका आणि सोमवारची वाटही पाहू नका. तुम्हाला मी वेगळे कळवले आहेच. इथे सविस्तर लिहिते ते बाकीच्यांसाठी, कारण हेच पत्र वेगवेगळ्या हस्ताक्षरांत मला वारंवार येते.

याला सेल्युलायटिस म्हणतात : त्वचेचा आणि तिच्या खालच्या थराचा जंतुसंसर्ग. बहुतेक वेळा तो स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे होतो, कधी स्टॅफिलोकोकसमुळे. निरोगी हातात जंतू शिरले तर लसिकावाहिन्या त्यांना ग्रंथींकडे वाहून नेतात आणि तिथे त्यांचा बंदोबस्त होतो. या हातात ती वाटच तुटलेली आहे. प्रथिनांनी भरलेले पाणी साचून राहते, प्रतिकार करणाऱ्या पेशी वेळेवर पोचत नाहीत आणि जंतूंना आयते रान मिळते. शिवाय प्रत्येक संसर्ग उरल्यासुरल्या लसिकावाहिन्यांना इजा करून जातो. म्हणजे सूज वाढते, आणि वाढलेल्या सुजेमुळे पुढचा संसर्ग सोपा होतो. 'दोन दिवस बघू' म्हणताना हातातून काय जाते आहे ते लक्षात घ्या.

थंडी वाजून ताप, अंग मोडून येणे, मळमळ ही लक्षणे कधी कधी लाली दिसण्याच्या काही तास आधीच सुरू होतात. त्यामुळे 'साधा फ्लू असेल' असे वाटते. लिम्फीडिमा असलेल्या बाईला थंडी वाजून ताप आला की आधी बाही वर करून हात, काख आणि छाती उजेडात पाहायची.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. सकाळी त्यांच्या मुलीने लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून शेजारी 'सात वाजता' असे लिहिले होते. मी दुपारी हात पाहिला तेव्हा लाली त्या निळ्या रेघेच्या दोन बोटे पुढे गेली होती. त्या एका रेघेने मला तासाभराच्या चर्चेपेक्षा जास्त सांगितले. तुम्हीही रेघ मारा, पण मारून घरी बसू नका. ती डॉक्टरांना दाखवायला मारायची आहे.

उरलेल्या गोळ्यांचे म्हणाल, तर त्या उरल्या याचाच अर्थ मागचा कोर्स अर्धवट राहिला. लिम्फीडिमाच्या हातात अँटिबायोटिक बहुधा किमान १४ दिवस द्यावे लागते, कारण औषधाला इथे काम करायला वेळ लागतो. चार गोळ्यांनी ताप दबेल, जंतू राहतील आणि तपासणाऱ्या डॉक्टरांची दिशाभूल होईल. कोणते औषध, किती दिवस, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

तोवर हात उशीवर उंच ठेवा, पाणी पीत राहा, अंगठी-घड्याळ काढा. स्लीव्ह (सुजेसाठी घालायची, दाब देणारी घट्ट बाही), बँडेज आणि मालिश बंद. दुखणे सहन होण्याइतके कमी झाले की डॉक्टरांना विचारून स्लीव्ह लवकर पुन्हा सुरू करा. भीतीपोटी महिनाभर काढून ठेवलीत तर सूज ठाण मांडते.

लाली तासातासाला पसरत असेल, फोड येत असतील, कातडी काळी पडत असेल, सोसवत नाही इतके दुखत असेल, चक्कर, उलट्या, धाप किंवा बोलण्यात असंबद्धता असेल तर थेट तातडीच्या विभागात जा. केमोथेरपी चालू असताना ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर हात लाल असो वा नसो, त्याच वेळी निघायचे.

प्रश्न : जंतू शिरतात कुठून? मला तर कुठे कापलेलेही आठवत नाही.

आठवत नाही, कारण ते दिसतच नाही. नखाशेजारची साल ओढताना, काखेत ब्लेड फिरवताना, मांजराच्या नखाने, डास चावल्यावर खाजवताना, कोरड्या त्वचेच्या भेगेतून, बोटांच्या बेचक्यात झालेल्या बुरशीतून. म्हणून रोज सौम्य साबणाने हात धुऊन बेचके कोरडे करा, बिनवासाचे मॉइश्चरायझर लावा, भांडी आणि बागकाम हातमोजे घालून करा. काखेसाठी इलेक्ट्रिक ट्रिमर बरा. खरचटले तर लगेच धुऊन जंतुनाशक लावा. बुरशीवर मनाने मलम लावू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. दुकानातल्या कित्येक मलमांत स्टेरॉइड असते.

प्रश्न : ऑनलाइन 'सर्वांना बसणारी' स्लीव्ह मागवली. दंड बारीक झाला, पण पंजा फुगला आहे.

ती आजच काढा. 'सर्वांना बसणारी' स्लीव्ह म्हणजे कुणालाच न बसणारी स्लीव्ह, आणि ती विकणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. दाब मनगटाकडे जास्त आणि वर कमी होत जायला हवा, त्यासाठी मापे घ्यावी लागतात. तीही आधी बँडेजने सूज उतरवून मग, नाहीतर सुजेचेच माप होते. पंजा सुजत असेल तर बोटांसह हातमोजाही लागतो. कापडाची ताकद साधारण सहा महिन्यांत जाते. माप प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडूनच घ्या.

प्रश्न : 'लिम्फ डिटॉक्स'चे थेंब, लघवीच्या गोळ्या आणि रग्गड मालिश, यांपैकी काय करू?

काहीही नाही. थेंबांनी बंद वाट उघडत नाही. लघवीच्या गोळ्या पाणी काढतात, प्रथिने मागेच राहतात. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी दिल्या असतील तर मात्र मनाने बंद करू नका. लसिका निचऱ्याची खरी मालिश पिसासारखी हलकी असते, कारण या वाहिन्या त्वचेच्या लगेच खाली असतात. हात लाल करणारी मालिश म्हणजे इजा.

प्रश्न : वजन उचलू नये म्हणतात. मग मी नातवालाही घेऊ नको का?

घ्या! या भीतीने कित्येक बायकांचे हात वाळून गेले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लिम्फीडिमा असलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली हळूहळू वाढवत वजने उचलली. सूज वाढली नाही, उलट ती उफाळण्याचे प्रसंग कमी झाले. यातले 'हळूहळू' आणि 'देखरेखीखाली' हे शब्द विसरू नका. सुरुवात कितीने करायची ते फिजिओथेरपिस्टना विचारा.

प्रश्न : वर्षात तिसऱ्यांदा सेल्युलायटिस झाला. दर वेळी औषध घ्यायचे, एवढेच का?

नाही. वर्षात दोन किंवा जास्त वेळा होत असेल तर दीर्घकाळ कमी मात्रेत अँटिबायोटिक, बहुधा पेनिसिलिन, देण्याचा विचार केला जातो. सोबत सूज उतरवण्याचे उपचार नीट व्हायला हवेत, नाहीतर औषध थांबले की पुन्हा पहिले पाढे. निवडक रुग्णांत लसिकावाहिनी सूक्ष्म शस्त्रक्रियेने शिरेला जोडण्याचा पर्यायही असतो. या सगळ्याबद्दल विचारायला वेगळी वेळ मागून घ्या. ताप उतरवण्याच्या घाईत हे बोलणे राहूनच जाते.

प्रश्न : किरणोपचार झालेला स्तन लाल आणि जाडसर झाला आहे. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण झाला, तरी तसाच आहे.

दुसरा कोर्स सुरू करण्याआधी स्तनाच्या शल्यचिकित्सकांना दाखवा. संसर्ग असू शकतो, किरणांचा परिणाम असू शकतो, स्तनातच साचलेले पाणी असू शकते. पण औषधाला दाद न देणारी लाली आजार परतल्याचीही खूण असू शकते, आणि ते त्वचेचा तुकडा तपासल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : नऊ वर्षे सुजलेल्या हातावर जांभळा डाग आला आहे. मार लागल्याचे आठवत नाही. दुखतही नाही, म्हणून थांबले आहे.

थांबू नका. दीर्घकाळ सुजलेल्या हातात क्वचित रक्तवाहिन्यांचा कर्करोग होतो. १९४८ साली स्ट्युअर्ट आणि ट्रीव्ह्ज यांनी त्याचे वर्णन केले. तो दिसतो असाच, मुका मार लागल्यासारखा, आणि सुरुवातीला दुखत नाही. तुमचा डाग साधाही असेल. पण ते ठरवण्यासाठी तो कोणीतरी पाहायला हवा, बहुधा तुकडा काढून तपासायलाही हवा. उद्या सकाळी फोन करून वेळ घ्या आणि घेताना 'जुन्या लिम्फीडिमाच्या हातावर नवा जांभळा डाग' असेच सांगा.