ओपीए (अमिनो आम्लांना जोडलं की चमक देणारं रसायन) लावल्यावर प्रोलीन हे अमिनो आम्ल दिसत नाही आणि तोच नमुना परत लावला की आकडे बदलतात, असं का?

तुम्ही गुळातली आणि उसाच्या रसातली मुक्त अमिनो आम्लं एचपीएलसीच्या (द्रावणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राच्या) फ्लुरोसन्स म्हणजे चमक मोजणाऱ्या डिटेक्टरवर मोजताय, दुसऱ्यांदा लावलं की पीक (आलेखातले उंचवटे) लहान येतात आणि प्रोलीनचा पत्ताच नाही, असं लिहिलंय. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये हेच काम करतो.

प्रोलीनसाठी मशीनला दोष देऊ नका. ओपीए फक्त प्राथमिक अमाइनशी (ज्यातल्या नायट्रोजनला एकच कार्बन जोडलेला असतो) जुळतं आणि प्रोलीनचं अमाइन दुय्यम, म्हणजे दोन कार्बनवालं. ओपीएनंतर त्याच मिश्रणात एफमॉक (दुय्यम अमाइनलाही जुळणारं रसायन) घाला आणि प्रोलीनच्या पीकआधी डिटेक्टरच्या तरंगलांब्या बदला. ओपीएला 340 आणि 450 नॅनोमीटर चालतात, एफमॉकला 266 आणि 305; पहिला आकडा टाकायच्या प्रकाशाचा, दुसरा मोजायच्या चमकेचा.

आकडे हलतात ते बहुधा वेळेमुळे. ओपीए स्वतः चमकत नाही. पीएच 10 च्या आसपासच्या बोरेट बफरमध्ये, मरकॅप्टोइथेनॉलसारखं थायॉल (गंधकवालं संयुग) सोबत असताना, ते अमिनो आम्लाला जोडलं गेलं की जे तयार होतं ते चमकतं, आणि तेच लगेच मोडायलाही लागतं. ग्लायसिन आणि लायसिन तर भलतीच घाई करतात. सगळ्या व्हायल (नमुन्याच्या छोट्या बाटल्या) एकदम मिसळून ट्रेमध्ये मांडल्या आणि चहाला गेलात, तर शेवटच्या व्हायलीत उरणार काय? ऑटोसँपलरला (नमुना आपोआप उचलून यंत्रात सोडणाऱ्या भागाला) सुईतच मिसळू द्या. ती सोय नसेल तर हातात स्टॉपवॉच धरा: मिसळल्यापासून इंजेक्शनपर्यंत प्रत्येक वेळी तेवढेच सेकंद, स्टँडर्डलाही (प्रमाण माहीत असलेल्या द्रावणालाही) तेवढेच. मरकॅप्टोइथेनॉलऐवजी मरकॅप्टोप्रोपिओनिक आम्ल वापरलं तर पीक जरा जास्त टिकतात. वासाच्या बाबतीत मात्र दोघांत डावं-उजवं नाही. अंतर्गत स्टँडर्ड (तुलनेसाठी प्रत्येक नमुन्यात सारखंच घालायचं) म्हणून नॉरव्हॅलिन घाला.

गुळाचा रंगही नडतो, कारण तो प्रकाश गिळतो. द्रावण निम्मं पातळ करून बघा. पीकचं क्षेत्रफळ निम्मं झालं नाही तर आणखी पातळ करा. रस गुऱ्हाळावरून बर्फातच आणा, आंबायला लागला की त्यातली अमिनो आम्लं जंतूच फस्त करतात. ब्लँकमध्ये (नमुना न घालता केलेल्या चाचणीत) ग्लायसिन, सेरीन दिसले तर ते बहुतेक बोटांचे, ग्लोव्ह्ज घाला. ट्रिस बफर अजिबात नको, ते स्वतःच प्राथमिक अमाइन आहे, ओपीए तेच खाऊन टाकेल.

आणि कुणी 6 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात 110 अंशांवर 24 तास ठेवायला सांगितलं, तर ते प्रथिनं तोडण्यासाठी असतं. तुमच्या कामाला त्याची गरज नाही. उलट उसाच्या रसात भरपूर असणारं अॅस्पॅराजिन त्यात अॅस्पार्टिक आम्ल होऊन बसेल आणि ट्रिप्टोफॅन जळून जाईल.